तुमच्या गाडीला कोणतं इंजिन ऑइल? डब्यावरचे आकडे असे वाचा

स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "एक ऑइल द्या" म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचं देऊ?" मग आपण सवयीने एखादं नाव सांगतो, नाहीतर "चांगलं द्या" म्हणतो. ग्रेड कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. हेच आपण मोबाईल घेताना मात्र रॅम, प्रोसेसर, बॅटरीचे एमएएच, चार्जरचे वॅट, सगळं तपासून घेतो. मित्रांनो, ऑइलच्या डब्यावरही अशीच स्पेसिफिकेशन छापलेली असतात. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. पण स्पेसिफिकेशन वाचणं हे माझं रोजचं काम, आणि ऑइलच्या बाबतीत ते वाचता येणं पुरेसं आहे.

डब्यावर तुमच्या कामाच्या तीन गोष्टी असतात. एसएई ग्रेड (उदा. १०डब्ल्यू-३०), एपीआय ग्रेड (उदा. एसएल किंवा एसएन), आणि दुचाकीचं ऑइल असेल तर जासो ग्रेड (एमए, एमए२ किंवा एमबी). या तिन्ही गोष्टी गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या असतात. डब्यावरचं आणि मॅन्युअलमधलं जुळलं की ऑइल बरोबर. कंपनी कोणती, हा त्यानंतरचा प्रश्न.

ऑइल आत नेमकं काय करतं?

इंजिन ६,००० आरपीएमवर फिरत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला १०० वेळा फिरते. तेवढ्या वेगात धातू धातूवर घासला तर काही मिनिटांत इंजिन जाम होईल. तसं होत नाही, कारण दोन्ही भागांच्या मध्ये ऑइलचा केसापेक्षाही पातळ थर असतो. फिरणारा भाग त्या थरावर अक्षरशः तरंगतो.

शिवाय ऑइल पिस्टनच्या आजूबाजूची उष्णता घेऊन येतं, काजळी आणि धातूचा कीस स्वतःत धरून ठेवतं, गंज लागू देत नाही. एअर-कूल्ड बाईकला रेडिएटर नसतो, त्यामुळे तिथे थंड करण्याचं बरंचसं काम ऑइलच करतं. आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक १०० ते १२५ सीसीच्या बाईक एअर-कूल्डच आहेत.

१०डब्ल्यू-३० या आकड्यांचा अर्थ

हे आकडे व्हिस्कॉसिटीचे, म्हणजे ऑइल किती घट्ट किंवा पातळ आहे त्याचे. काकवी आठवा. थंडीत डब्यातून हलता हलत नाही, आणि गरम केली की पाण्यासारखी ओतता येते. ऑइलचंही तसंच असतं. म्हणून त्याचं मोजमाप दोन टोकांना करावं लागतं, एकदा थंड असताना आणि एकदा गरम असताना. ही पद्धत एसएई या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेची आहे. तिचं पहिलं वर्गीकरण १९११ सालचं, आणि त्याचंच सुधारित रूप आज जगभर चालतं.

डब्ल्यू म्हणजे वजन नाही, विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशाला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. डॅशनंतरचा आकडा इंजिन तापल्यानंतरचा, तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. तिथे ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये असावं लागतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. सेंटिस्टोक हे घट्टपणाचं माप आहे. आकडा मोठा म्हणजे ऑइल जाड, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, धाराशिवमध्ये उणे २५ कधी होतं? कधीच नाही. इथे थंडीतसुद्धा पारा शून्याच्या खाली जात नाही. मग डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याचा आपल्याला काय उपयोग? बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

आपला उन्हाळा इंजिनासाठी थंडीच आहे

धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे गावोगावी एक सल्ला ठरलेला असतो: "आपल्याकडं ऊन कडक, पातळ ऑइल पाणी होतं, जाड टाका." आणि १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या नव्या बाईकमध्ये २०डब्ल्यू-५० जातं. सल्ला ऐकायला पटतो. आकडे बघितले की पटत नाही.

१०डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशाला साधारण ११ सेंटिस्टोक असतं. तेच ऑइल ४० अंशाला ७० च्या आसपास असतं. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी सावलीत उभी केलेली तुमची बाईक किक मारता त्या क्षणी तिच्यातलं ऑइल चालू इंजिनाच्या मानाने सहापट घट्ट असतं. आपल्याला असह्य वाटणारे ४० अंश इंजिनाच्या हिशेबाने थंडच. आता २०डब्ल्यू-५० बघा. ते ४० अंशाला साधारण १६० सेंटिस्टोक असतं, १०डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जास्त. इंजिन चालू केल्यावर ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कॅम जवळजवळ कोरडा फिरतो. इंजिनाच्या झिजेचा मोठा भाग याच सुरुवातीच्या क्षणांत होतो. उन्हाळ्याच्या भीतीने टाकलेलं जाड ऑइल अशा वेळी फायद्यापेक्षा तोटाच करतं.

ज्या इंजिनाच्या फटी आणि ऑइल पंप पातळ ऑइल धरून बनवलेत, तिथे जाड ऑइल पंपाला ओढायला जड जातं, मायलेज थोडं उतरतं, पिकअप मंदावतो. "ऑइल बदलल्यापासून गाडी जड चालते" ही तक्रार अनेकदा यातूनच येते.

जाड ऑइल वाईट असतं, असा मात्र याचा अर्थ नाही. ज्या इंजिनाचं डिझाइन त्यावर झालंय तिथे तेच हवं. पल्सर १५० ला बजाजने वर्षानुवर्षं २०डब्ल्यू-५० सांगितलंय, रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५० लागतं, आणि स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०. तिन्ही गाड्या धाराशिवच्या त्याच उन्हात फिरतात. ग्रेड ठरवतं ते इंजिन. काही मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता असतो आणि दोन-तीन ग्रेड चालतील असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर उन्हाळ्यात त्यातली जाड निवडायला हरकत नाही, विशेषतः एअर-कूल्ड गाडीला. पण निवड त्या तक्त्यातूनच करायची.

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेलं, ऑइल पिणारं जुनं इंजिन असेल तर मिस्त्री एक पायरी जाड ऑइल सुचवतात. त्यात तथ्य आहे, झीज होऊन फटी वाढलेल्या असतात. पण तो रिंगांचं काम निघेपर्यंतचा उपाय आहे. नव्या गाडीला तो लावायचं कारण नाही.

बाईकचं स्कूटरमध्ये आणि स्कूटरचं बाईकमध्ये?

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

बाईकमध्ये एकच ऑइल तीन कामं करतं: इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच. क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, म्हणून त्याला वेट क्लच म्हणतात. क्लचला घर्षण हवं असतं. प्लेटांनी एकमेकींना घट्ट पकडलं तरच ताकद चाकापर्यंत जाते. याउलट आजच्या गिअरलेस स्कूटरमध्ये बेल्ट आणि कोरडा क्लच असतो. इंजिन ऑइलचा त्याच्याशी संबंधच येत नाही. त्यामुळे स्कूटरच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालता येतात, आणि त्याने मायलेज थोडं सुधारतं.

हाच फरक दाखवायला जासो हे जपानी मानक आलं, १९९८ मध्ये. एमए म्हणजे जास्त घर्षणाचं, वेट क्लचसाठी. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, मुख्यतः स्कूटरसाठी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. त्यातलं एमए२ सर्वांत जास्त पकड देणारं. अ‍ॅक्टिव्हाला होंडा १०डब्ल्यू-३० एमबी सांगते, स्प्लेंडरला हिरो १०डब्ल्यू-३० एमए. एसएई आकडा अगदी सारखा, पण ऑइल वेगळं. दुकानात "१०-३० द्या" एवढंच म्हटलं तर दोन्हीपैकी काहीही हातात पडू शकतं.

स्कूटरमध्ये चुकून एमए गेलं तर फारसं बिघडत नाही, मायलेज किंचित कमी होईल. बाईकमध्ये एमबी गेलं तर प्रकरण वेगळं. माझ्या चुलतभावाच्या बाईकमध्ये एका गॅरेजात स्कूटरचं उरलेलं ऑइल ओतलं होतं. सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. सोलापूरहून तुळजापूरचा घाट डबलसीट चढताना मात्र इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आरपीएम वाढतोय आणि गाडी पुढे जात नाही. मागून ट्रक येत असताना घाटात असं होणं ही मजेची गोष्ट नाही. क्लच प्लेटा तापून काळ्या पडल्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या. पाचशेच्या आतलं ऑइल वाचवायला गेलं आणि काही हजारांचं काम निघालं.

कारच्या ऑइलचंही तेच. कारच्या पेट्रोल ऑइलच्या डब्यावर "रिसोर्स कन्झर्व्हिंग" असं छापलेलं असेल तर ते ऑइल इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारं असतं. ते बाईकमध्ये टाकू नका.

स्कूटरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, शंभर मिलीच्या आसपास. ते इंजिन ऑइलसोबत बदललं जात नाही आणि बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. सर्व्हिसिंगला देताना विचारून घ्या.

एपीआय: इथे नवं चालतं

एपीआय ही अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची ग्रेड. एसपासून सुरू होणारी पेट्रोल इंजिनांसाठी, सीपासून सुरू होणारी डिझेलसाठी. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं: एसजे, एसएल, एसएम, एसएन, आणि २०२० मध्ये आलेलं एसपी.

इथे ब्लूटूथचा नियम लागू होतो. नवीन व्हर्जनचा हेडफोन जुन्या फोनला जोडला जातो, तसं मॅन्युअलमध्ये एसजे लिहिलं असेल तर एसएल किंवा एसएन चालतं. उलटं करायचं नाही. आणि ही सवलत फक्त एपीआयला आहे. एसएई आणि जासो यांच्यात "नवीन म्हणजे चांगलं" असा प्रकार नसतो. ते चार्जरच्या पिनसारखं, बसणार तर बसणार.

ट्रॅक्टरच्या डब्यातलं उरलेलं ऑइल

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी आहे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या १५डब्ल्यू-४० च्या मोठ्या डब्यात लिटरभर उरतं आणि काका म्हणतात, "वाया कशाला घालवायचं, टाक गाडीत." ते ऑइल चांगलंच असतं, फक्त डिझेल इंजिनासाठी असतं. डब्यावर सीआय-४ वगैरे लिहिलेलं दिसेल. डिझेलची काजळी धुऊन काढण्यासाठी त्यात डिटर्जंट रसायनं जास्त असतात आणि जळल्यावर ती राख सोडतात. दुचाकीच्या ऑइलमध्ये राखेचं प्रमाण किती असावं यावर जासोने १.२ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, कारण ही राख पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर बसते. शिवाय डब्यावर जासोची खूणच नसेल तर क्लच कसा वागेल याची हमी कुणी दिलेली नसते. काकांना हे समजावणं आकडे समजण्यापेक्षा अवघड आहे, हे मला मान्य. उरलेलं ऑइल झाकण घट्ट लावून ठेवा, ट्रॅक्टरलाच टॉप-अपला लागेल.

ट्रॅक्टरमध्येसुद्धा इंजिनाचं ऑइल आणि मागच्या गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल वेगळं असतं. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर मागे इंजिन ऑइल टाकून चालत नाही. उसाची भरलेली ट्रॉली मागे असताना ब्रेक न लागणं काय असतं, ते सांगायला नको.

सिंथेटिक घ्यावं का?

मिनरल ऑइल कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं. सिंथेटिक रासायनिक प्रक्रियेने जास्त एकसारखं बनवलेलं, ते उष्णतेत उशिरा खराब होतं. सेमी-सिंथेटिक म्हणजे मिश्रण, आणि त्यात सिंथेटिक किती हे डब्यावर बहुधा लिहिलेलं नसतं. "फुल सिंथेटिक" या शब्दाचीही एक गंमत आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातीवरून वाद झाला, आणि कच्च्या तेलावरच खोलवर प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइललाही सिंथेटिक म्हणता येईल असा निर्णय आला. त्यामुळे आज बाजारातलं बरंच सिंथेटिक त्या प्रकारचं असतं. वाईट नसतं, पण शब्दावर भाळून जास्त पैसे मोजू नका.

माझं मत विचाराल तर १०० सीसीच्या बाईकला, रोज गाव ते शहर वीस-तीस किलोमीटर चालणार असेल, तर बरोबर ग्रेडचं साधं मिनरल वेळेवर बदललेलं पुरतं. टर्बो इंजिन, लांब हायवे, किंवा मॅन्युअलमध्येच सिंथेटिक लिहिलं असेल तर तिथे कंजुषी नको. मारुतीच्या अलीकडच्या पेट्रोल गाड्यांना लागणारं ०डब्ल्यू-२० तर सिंथेटिकशिवाय बनतच नाही.

डिझेल कारवाल्यांनो, पातळी वाढली तर खूश होऊ नका

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल कारच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ हा फिल्टर आला. तो काजळी अडवतो आणि अधूनमधून जाळून टाकतो. ऑइलमधली राख मात्र जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साचते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं काहीतरी असतं. जुन्या बोलेरोचं ऑइल नव्या डीपीएफच्या गाडीत टाकलं तर लगेच काही दिसणार नाही, पण फिल्टर वेळेआधी भरेल आणि तो महाग असतो.

दुसरं म्हणजे काजळी जाळण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. गाडी फक्त गावातल्या गावात फिरत असेल तर ही प्रक्रिया अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या वर गेलेली दिसली तर ऑइल पातळ झालंय, लगेच बदला. सोलापूर किंवा बीडच्या हायवेवर अधूनमधून अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवली की फिल्टर नीट साफ होतो.

कधी बदलायचं, आणि काळं दिसलं तर?

बोटावर ऑइल घेऊन "काळं झालंय, गेलं" म्हणणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. काळं होणं म्हणजे ऑइल काजळी धरून ठेवतंय, त्याचं काम करतंय. डिझेलमध्ये तर नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं. रंगावर नव्हे, किलोमीटर आणि महिन्यांवर बदला, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरा. गाडी फक्त दोन-तीन किलोमीटर फिरत असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, ओलावा आणि पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. अशा गाडीचं ऑइल कमी किलोमीटर होऊनही खराब होतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शिवारातल्या धुळीच्या रस्त्यावर रोज फिरत असाल तर आधी एअर फिल्टर बघा. धूळ आत गेली तर कितीही भारी ऑइल इंजिन वाचवू शकत नाही.

पातळी बघताना बाईक मेन स्टँडवर सपाट जागी उभी करा. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, थोडं थांबा, मग डिपस्टिक बघा. बऱ्याच बाईकमध्ये डिपस्टिक नुसती ठेवायची असते, आटे फिरवायचे नसतात. काहींत उलटं असतं, ते मॅन्युअलमध्ये बघा. जास्त ऑइल भरणंही चूक आहे. क्रँक त्यात फिरून फेस होतो आणि फेसाला धातू दूर ठेवता येत नाही.

मॅन्युअल हरवलं असेल तर फोनवर कंपनीच्या अधिकृत साइटवरून तुमच्या मॉडेलचं आणि सालाचं पीडीएफ उतरवून घ्या आणि त्यात इंजिन ऑइल हा शब्द इंग्रजीत शोधा. साल नीट बघा, एकाच नावाच्या गाडीची ग्रेड वर्षागणिक बदलते. त्या पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा आणि दुकानात तोच दाखवा. शॉपिंग साइटवरच्या "तुमच्या गाडीला बसेल" या ओळीवर विसंबू नका.

डबा फोडा, ऑइल ओढ्यात टाकू नका

ब्रँडेड ऑइलचे रिकामे डबे विकत घेऊन त्यात भेसळीचं ऑइल भरणारे आहेत. म्हणून सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, डब्यावरचा बॅच नंबर आणि तारीख खोडलेली नाही ना ते बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, आणि ओतून झाल्यावर डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडा. सर्वो (इंडियन ऑइल), मॅक (भारत पेट्रोलियम) आणि एचपी यांची ऑइलं त्यांच्या पेट्रोल पंपांवर मिळतात, गावाकडे तो एक बरा पर्याय आहे.

राहिलं जळकं ऑइल. ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडतात, उरलेलं बांधावर किंवा ओढ्यात ओततात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबाने एक गॅलन जळकं ऑइल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकतं, आणि आपण बोअरचं पाणी पितो. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध केलं जाईल याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. घरी ऑइल बदललंत तर ते त्याच रिकाम्या डब्यात भरून गॅरेजवर नेऊन द्या. तिथे ते ड्रममध्ये साठवतात आणि ते विकलं जातं, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. फक्त या वेळी डब्याला भोक नंतर पाडा.